बाराशे चाळीस ओळी गेल्या, सहाच परत आल्या: जॉइन कमांडचं एक प्रकरण

एका ग्रंथालयाचं काम होतं. बाहेर गेलेल्या पुस्तकांची यादी हवी होती आणि प्रत्येक ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, सभासदाचं नाव, पुस्तक नेल्याची तारीख एवढं एकत्र हवं होतं. माहिती तीन मजकूर-फाइलींत विखुरलेली होती. देवघेवीच्या फाइलीत पुस्तकाचा दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारीख. पुस्तकांच्या फाइलीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक. सभासदांच्या फाइलीत नाव, पत्ता आणि शेवटी सभासद क्रमांक. तिन्ही फाइलींना बांधणारे धागे दोनच: दाखल क्रमांक आणि सभासद क्रमांक.

हे काम करायला आधी कुणीतरी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, होतीच. तिच्यात मुख्य काम जॉइनचं: सामाईक रकान्यावरून दोन फाइलींच्या ओळी जोडणारी ही युनिक्सची कमांड. स्क्रिप्ट चालवली की कुरकुर न करता संपायची आणि निकालाची फाइल तयार व्हायची. फक्त देवघेवीत १,२४० ओळी असताना निकालात सहा यायच्या.

ग्रंथपाल बाईंनी मला ती फाइल पाठवली तेव्हा सोबत एकच वाक्य होतं: "बाकीची पुस्तकं कुठे गेली ते बघता का?" प्रश्न रास्त होता. पुस्तकं कुठेच गेली नव्हती, ओळी गेल्या होत्या. त्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आणि का गळल्या याचा हा माग. कमांड तोंडी सांगतो तशाच इथे लिहिल्या आहेत, म्हणजे "डॅश टी", "डॅश के" अशा. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं.

सहा ओळी काय सांगत होत्या

निकालातले सहा दाखल क्रमांक असे होते: ३, ७, ९२, ९५, ९९४, ९९९४.

मी बराच वेळ नुसता या आकड्यांकडे बघत बसलो. पहिले दोन सोडले तर प्रत्येक क्रमांक ९ ने सुरू होतो. एवढा योगायोग होत नाही. ओळी अशा ठरावीक नक्षीत गळतात तेव्हा कारण माहितीत नसतं, क्रमात असतं.

स्क्रिप्ट उघडली. दोन्ही फाइली सॉर्ट डॅश एन ने, म्हणजे संख्येच्या क्रमाने लावल्या होत्या आणि मग जॉइनला दिल्या होत्या. वाचताना खटकत नाही. दाखल क्रमांक ही संख्याच आहे, मग संख्येसारखीच सॉर्ट करायची, असंच कुणालाही वाटेल. पण जॉइनला संख्या कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक क्रमांक ही अक्षरांची माळ आहे. शब्दकोशात शब्द लावतात तशी तो तुलना करतो: आधी पहिलं अक्षर, ते सारखं असेल तर दुसरं. या हिशोबात १० हा ९ च्या आधी येतो, कारण १ हे अक्षर ९ च्या आधीचं आहे.

आता जॉइन आतून काय करतो ते पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. समोर दोन याद्या ठेवा. डाव्या हाताचं बोट पहिल्या यादीच्या पहिल्या ओळीवर, उजव्या हाताचं दुसरीच्या पहिल्या ओळीवर. दोन्ही क्रमांक सारखे असतील तर जोडी जमली, ती लिहून घ्या. सारखे नसतील तर ज्या बोटाखालचा क्रमांक लहान असेल ते बोट एक ओळ खाली सरकवा. बोट मागे कधीच न्यायचं नाही, म्हणजे एकदा ओलांडलेली ओळ पुन्हा बघायची नाही. काम एवढंच. याद्या नीट क्रमात असतील तर ही रीत अचूक असते, कारण लहान क्रमांकाचा जोडीदार पुढे मिळण्याची शक्यताच नसते. क्रम चुकला की हाच भरवसा उलटतो.

छोटं उदाहरण घेऊ. पहिल्या यादीत ९, १०, ११, १२. दुसरीत १०, ११, १२. तीन जोड्या तर डोळ्यांना दिसतायत. जॉइन सुरू होतो: डावीकडे ९, उजवीकडे १०. अक्षरांच्या हिशोबात १० लहान, म्हणून उजवं बोट खाली. आता ११, तोही ९ पेक्षा लहान, उजवं बोट खाली. १२, तोही लहान, पुन्हा खाली. उजवी यादी संपली. निकाल: शून्य ओळी. दुसऱ्या यादीत फक्त ९ नव्हता, त्या एका उणिवेपायी उरलेल्या तिन्ही जोड्या बुडाल्या.

याची दुसरी बाजूही मी मुद्दाम करून पाहिली. दोन्ही याद्यांत ९, १०, ११, १२ सगळे असतील तर संख्येच्या क्रमानेही जॉइन बरोबर उत्तर देतो, कारण प्रत्येक पावलाला जोडी जमते आणि लहान-मोठं ठरवायची वेळच येत नाही. ही स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ती बहुधा अशाच चार-पाच ओळींच्या पूर्ण जुळणाऱ्या नमुन्यावर तपासली असणार. नमुन्यावर बरोबर चालली, खऱ्या माहितीवर कोसळली. आमच्या प्रकरणात पुस्तकांची यादी देवघेवीपेक्षा कितीतरी मोठी होती, त्यामुळे बोटं जवळजवळ प्रत्येक पावलाला जोडीविना सरकत होती. ७ ची जोडी जमल्यावर उजवं बोट ८ वर आलं आणि डावीकडचे दहापासूनचे सगळे क्रमांक ८ पेक्षा "लहान" ठरून मागे पडत गेले. ९ ने सुरू होणारा क्रमांक आला तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली, आकडे वाढून तीन अंकी झाले की पुन्हा घसरली. सहा ओळींतल्या नऊंची नक्षी ती हीच.

इशारा होता, तो फेकला होता

मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे दिसली. जीएनयूचा, म्हणजे लिनक्सवर सहसा असतो तो, जॉइन अशा वेळी गप्प बसत नाही. जोडी न जमलेली ओळ दिसली की तो क्रमही तपासू लागतो, आणि क्रम मोडला असेल तर फाइलीचं नाव व ओळीचा क्रमांक देऊन सांगतो की ही फाइल सॉर्ट केलेली नाही. मात्र तो थांबत नाही. जमेल तेवढा निकाल देतो आणि शेवटी अपयशाचा एक्झिट स्टेटस (काम यशस्वी झालं की नाही ते सांगणारा आकडा) ठेवून बाहेर पडतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या ओळीच्या शेवटी सगळे एरर मेसेज डेव्ह-नलकडे, म्हणजे जिथे पाठवलेलं सगळं नाहीसं होतं तिकडे, वळवलेले होते आणि एक्झिट स्टेटस कुणी विचारतच नव्हतं. रोग्याने दुखतंय म्हणून सांगितलं आणि आपण कानात बोळे घातले, अशातला प्रकार.

मी पहिलं काम केलं ते डेव्ह-नल काढून टाकण्याचं. दुसरं, जॉइनला डॅश डॅश चेक-ऑर्डर हा पर्याय दिला. तो असला की पहिल्या क्रमभंगालाच जॉइन तिथल्या तिथे थांबतो. अर्धवट निकाल हाती येण्यापेक्षा काहीच न आलेलं परवडतं, कारण अर्धवट निकाल पुऱ्यासारखाच दिसतो.

मग सॉर्ट डॅश एन मधला एन काढला आणि दोन्ही फाइली साध्या सॉर्टने लावल्या. सॉर्ट आणि जॉइन दोघांच्याही आधी एलसी-ऑल बरोबर सी असं लिहिलं. अक्षरांचा क्रम कुठला मानायचा हे लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, ठरवतं. सी लोकेलमध्ये तुलना थेट बाइटनुसार होते, त्यामुळे कुठल्याही मशीनवर क्रम तोच राहतो. सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि जॉइन दुसऱ्यात चालला तर पुन्हा तेच दुखणं, म्हणून दोघांनाही एकच सांगायचं.

चालवलं. जॉइन थांबला आणि म्हणाला, १२०४ च्या ओळीवर क्रम मोडलाय.

या एका ओळीने मला अर्धा तास खिळवून ठेवलं. फाइल तर आत्ताच सॉर्ट केलेली. उघडून पाहिली तर "१२०४ अ" ही ओळ आधी होती आणि नुसत्या १२०४ ची त्यानंतर. एका ग्रंथाच्या जोडखंडाला तोच क्रमांक देऊन पुढे जागा सोडून "अ" लावला होता. मी सॉर्टला रकाना सांगितलाच नव्हता, म्हणून तो अख्ख्या ओळी पडताळत होता. एका ओळीत १२०४ नंतर स्वल्पविराम, दुसरीत १२०४ नंतर मोकळी जागा. बाइटच्या क्रमात मोकळी जागा स्वल्पविरामाच्या आधी येते, तेव्हा "१२०४ अ" वर गेला. जॉइन मात्र फक्त पहिला रकाना बघतो, आणि त्याच्या दृष्टीने १२०४ हा "१२०४ अ" पेक्षा आखूड म्हणून आधी यायला हवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांनी बघितलेली वस्तू वेगळी होती.

उपाय डॅश के १,१. यातला दुसरा १ महत्त्वाचा. नुसतं डॅश के १ म्हटलं तर सॉर्ट पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं धरतो, म्हणजे पुन्हा अख्खी ओळच. "पहिल्यापासून पहिल्यापर्यंत" असं स्पष्ट सांगावं लागतं. सोबत डॅश टी ने रकाने कशाने वेगळे झालेत तेही दोन्ही कमांडना सारखंच सांगायचं.

आता जॉइन सुरळीत संपला. पण निकालातल्या काही ओळींत लेखकाच्या रकान्यात शीर्षकाचा अर्धा तुकडा येऊन बसला होता. ज्या शीर्षकांत स्वल्पविराम होता ती दुहेरी अवतरणात गुंडाळलेली होती, आणि जॉइनला अवतरणचिन्हांचा अर्थ कळत नाही. त्याला स्वल्पविराम दिसला की रकाना संपला. यावर कमांडमध्ये इलाज शोधत बसू नये. तिन्ही फाइली मूळ जागेवरून टॅबने वेगळ्या केलेल्या अशा पुन्हा काढून घेतल्या. शीर्षकात टॅब कुणी टाइप करत नाही. बॅशमध्ये, म्हणजे या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, टॅब देताना डॉलर चिन्ह आणि एकेरी अवतरणात बॅकस्लॅश टी असं लिहावं लागतं. नुसतं बॅकस्लॅश टी अवतरणात दिलं तर सॉर्टला ती दोन अक्षरं दिसतात आणि तो नाकारतो. आणखी एक: डॅश टी दिलाच नाही तर जॉइन सलग आलेल्या मोकळ्या जागा एकच विभाजक मानतो, मग रिकामा रकाना असेल तर तो नाहीसाच होतो.

हिशोब जुळेना

आता निकालात १,१७१ ओळी आल्या. ग्रंथपाल बाईंना हायसं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण १,२४० मधून १,१७१ वजा केले की ६९ उरतात, आणि हे ६९ कोण ते मला बघायचंच होतं. जॉइन मुळात जोडी न जमलेली ओळ गाळतोच, ते त्याचं ठरलेलं काम आहे. गाळलेल्या ओळी बघायच्या असतील तर डॅश व्ही १ द्यायचं: पहिल्या फाइलीतल्या फक्त बिनजोडीच्या ओळी मिळतात.

मी डॅश व्ही १ देऊन ओळी मोजल्या. ६९ यायला हव्या होत्या, ९० आल्या.

१,१७१ अधिक ९० म्हणजे १,२६१. देवघेवीच्या नोंदी १,२४०. एकवीस ओळी जास्त! काही ओळी गळत होत्या आणि त्याच वेळी काही ओळी नव्याने जन्म घेत होत्या. दोन चुका विरुद्ध दिशेने चालल्या होत्या आणि नुसता एकूण आकडा बघणाऱ्यापासून एकमेकींना लपवत होत्या. या कामात माझ्या मते सर्वांत धोक्याची अवस्था हीच, कारण इथे निकाल पटण्याजोगा दिसतो.

जास्तीच्या ओळींचं कारण जॉइनच्या व्याख्येतच आहे. एकच क्रमांक दोन्ही बाजूंना एकाहून जास्त वेळा असेल तर तो प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावतो. इकडे दोन आणि तिकडे तीन असतील तर सहा ओळी. कमांडची ही चूक नव्हे. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना संबंधांवर आधारलेली माहितीची मांडणी प्रसिद्ध केली, त्यातल्या जोडणीच्या कल्पनेचं हे साधं रूप आहे. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणात या कमांडची ओळख आजही "रिलेशनल डेटाबेस ऑपरेटर" अशीच दिलेली आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये जॉइन होता, आणि ते युनिक्स पीडीपी-११ या १६ बिटांच्या कॉम्प्युटरवर चालायचं. तेवढ्याशा मेमरीत अख्ख्या फाइली मावणार कुठून? दोन बोटांची, मागे न वळणारी, आधी सॉर्ट मागणारी ही रीत त्या काळाला अगदी साजेशी होती. आजही मेमरीत न मावणाऱ्या दोन प्रचंड फाइली जोडायच्या असतील तर ती तितकीच उपयोगी पडते.

तर दाखल क्रमांक एका प्रतीला एकच असायला हवा. पुस्तकांच्या फाइलीतून कट कमांडने पहिला रकाना घेतला, सॉर्ट केला आणि युनिक डॅश डी या कमांडला दिला. तो फक्त पुन्हा पुन्हा आलेली मूल्यं दाखवतो. यादी आली. त्यातले १८ क्रमांक सध्या बाहेर असलेल्या पुस्तकांचे होते: पंधरांच्या नोंदी दोन-दोनदा, तिघांच्या तीन-तीनदा. पंधरा अधिक सहा, एकवीस. आकडा नेमका बसला तेव्हा खरंच आनंद झाला. जुन्या नोंदींची एक थप्पी कधीतरी पुन्हा टाइप झाली होती, शीर्षकांच्या लेखनात किरकोळ फरक होते. यातली कुठली नोंद ठेवायची हे मी ठरवणं बरोबर नव्हतं. ती यादी ग्रंथपालांकडे गेली, त्यांनी पुस्तकं काढून एकेक नोंद पक्की केली.

याच जागी एक गोष्ट सांगून ठेवतो. हेच काम स्प्रेडशीटमध्ये व्हीलुकअपने केलं असतं तर नेमक्या जुळणीत त्याने प्रत्येक क्रमांकाची पहिली नोंद उचलली असती आणि ओळी बरोबर १,२४० राहिल्या असत्या. दुहेरी नोंदींचा पत्ताही लागला नसता.

आता गळलेल्या नव्वद. त्यांतल्या ६१ ओळी बघताच कळल्या: देवघेवीत काही दिवस कुणीतरी क्रमांक पाच अंकी करून, पुढे शून्यं लावून लिहिला होता. माणसाला ०००४२ आणि ४२ एकच, जॉइनला दोन वेगळ्या माळा. पुढची शून्यं सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने काढली. मात्र "अ" लागलेले क्रमांक जसेच्या तसे राहतील एवढं बघितलं. ऑक या रकान्यांवर काम करणाऱ्या कमांडने संख्या करून छापले असते तर तो "अ" गेला असता.

उरलेल्या २९ पैकी २५ ओळींत मला काहीच दिसेना. क्रमांक समोर, पुस्तकांच्या फाइलीतही तोच समोर, तरी जोडी नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. न दिसणारी अक्षरंही दाखवणाऱ्या कॅट डॅश मोठा ए ने ओळी छापल्या. टॅबच्या जागी वरची टोपी आणि आय दिसतो. त्या टॅबच्या आधी, क्रमांकाला लागून, एक मोकळी जागा होती. टाइप करताना क्रमांकानंतर स्पेस दाबली गेली होती, बस. ती काढली. बिनजोडीच्या ओळी राहिल्या चार.

१,२३६ अधिक ४ बरोबर १,२४०. हिशोब पहिल्यांदा जुळला.

दुसरी जोडणी आणि स्वच्छ शून्य

जॉइन एका वेळी दोनच फाइली घेतो. तिसरी जोडायची तर पहिला निकाल दुसऱ्या जॉइनला द्यायचा, फाइलीच्या नावाजागी नुसता डॅश लिहिला की तो पाइपमधून, म्हणजे आधीच्या कमांडकडून थेट आलेलं, वाचतो. पण मधे पुन्हा सॉर्ट हवा. पहिला निकाल दाखल क्रमांकाच्या क्रमात आहे, आता जोडायचं सभासद क्रमांकावर, तेव्हा सॉर्ट डॅश के २,२. सभासदांच्या फाइलीत क्रमांक तिसऱ्या रकान्यात, म्हणून ती डॅश के ३,३ ने. मग जॉइन डॅश १ २ डॅश २ ३: पहिल्या फाइलीचा दुसरा रकाना, दुसऱ्या फाइलीचा तिसरा.

निकाल शून्य ओळी. एरर नाही, क्रमाबद्दल तक्रार नाही, एक्झिट स्टेटसही यशाचा. चेक-ऑर्डरनेही काही पकडलं नाही, कारण पकडण्याजोगं काही नव्हतंच. दोन्ही फाइली निर्दोष क्रमात होत्या, त्यांच्यात सामाईक असं एकही मूल्य नव्हतं. जॉइनच्या दृष्टीने शून्य हे अगदी खरं उत्तर होतं.

पुन्हा कॅट डॅश मोठा ए. ओळीचा शेवट त्यात डॉलर चिन्हाने दिसतो. सभासदांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या डॉलरच्या आधी टोपी आणि एम. ही फाइल विंडोज मशीनवरून आली होती. तिथे ओळ संपवायला कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन अक्षरं लागतात, युनिक्सला एकच. जास्तीचं कॅरेज रिटर्न ओळीतल्या शेवटच्या रकान्याला चिकटतं आणि इथे शेवटचा रकाना नेमका सभासद क्रमांक होता. पुस्तकांची फाइलही त्याच मशीनवरून आली होती, पण तिच्यात क्रमांक पहिला असल्याने ते लेखकाच्या नावाला चिकटून राहिलं आणि पहिल्या जोडणीत कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्षरं बदलणाऱ्या किंवा काढणाऱ्या टीआर कमांडला डॅश डी देऊन दोन्हीकडचं काढून टाकलं.

आता १,१८३ ओळी जोडल्या गेल्या, ५३ राहिल्या. त्या ५३ ओळींत सभासद क्रमांक देवनागरी आकड्यांत होते. फोनवर मराठी कळफलक ठेवून कुणीतरी नोंदी केल्या होत्या आणि त्यात चूक काहीच नव्हती. आपल्या भाषेत आपले आकडे लिहिणारच माणूस. पण युनिकोडमध्ये ते वेगळे वर्ण आहेत. यूटीएफ-८ मध्ये रोमन आकडा एका बाइटचा, देवनागरी आकडा तीन बाइटचा, आणि सी लोकेलमध्ये जॉइन फक्त बाइट बघतो.

आधी सवयीने टीआर वापरून आकडे बदलायला गेलो. जीएनयूचा टीआर बाइटनुसार बदल करतो, त्यामुळे प्रत्येक आकड्याच्या जागी तीन-तीन रोमन आकडे उमटले. मग सेडची वाय कमांड घेतली: एका बाजूला दहा देवनागरी आकडे, दुसऱ्या बाजूला दहा रोमन. सेड म्हणाला, दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. दहा आणि दहा सारखे कसे नाहीत? कारण मी एलसी-ऑल बरोबर सी हे स्क्रिप्टच्या डोक्यावर एक्सपोर्ट करून, म्हणजे पुढच्या सगळ्या कमांडना लागू करून, ठेवलं होतं. सी लोकेलमध्ये सेडला डावीकडे तीस बाइट दिसत होते, उजवीकडे दहा. सॉर्ट आणि जॉइन यांच्यासाठी जे औषध, तेच सेडला बाधलं. ते एक्सपोर्ट काढलं आणि फक्त सॉर्ट व जॉइन यांच्या ओळींपुरतं ठेवलं. सेड यूटीएफ-८ लोकेलमध्ये चालला आणि ५३ च्या ५३ ओळी जुळल्या.

देवनागरीत काम करणाऱ्यांना आणखी एक खाचखळगा सांगतो, जरी या प्रकरणात तो आडवा आला नाही. क्रमांकाऐवजी नावावरून जोडायची वेळ आली तर "ऱ" सांभाळा. हे अक्षर युनिकोडमध्ये एक अखंड वर्ण म्हणूनही लिहिता येतं आणि र खाली नुक्ता देऊन दोन वर्णांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे असतात. जोडण्याआधी दोन्ही फाइलींचं नॉर्मलायझेशन, म्हणजे अशा अक्षरांचं एकच रूप करणं, एकाच पद्धतीने करून घेणं भाग आहे. शक्य असेल तिथे मी नावावरून जोडतच नाही.

शेवटी राहिलेलं रूप

आताच्या स्क्रिप्टमध्ये आधी सफाई होते: कॅरेज रिटर्न, क्रमांकामागची मोकळी जागा, पुढची शून्यं, देवनागरी आकडे. रकान्यांची नावं असलेली पहिली ओळ टेल डॅश एन अधिक २ या कमांडने बाजूला काढली जाते, नाहीतर ती सॉर्टमध्ये मधेच कुठेतरी जाऊन बसते. मग सॉर्ट आणि चेक-ऑर्डरसह जॉइन, दोनदा.

बिनजोडीच्या चार ओळी गाळायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं, म्हणून पहिल्या जॉइनला डॅश ए १ दिला. त्याने पहिल्या फाइलीतल्या जोडी न जमलेल्या ओळीही निकालात येतात. पण अशा ओळीत शीर्षक-लेखकाचे रकानेच नसतात, ओळ आखूड राहते आणि पुढचे रकाने सरकतात. रिकाम्या जागी मजकूर भरायला डॅश ई आहे, फक्त तो एकटा पुरत नाही. कुठले रकाने हवेत ते डॅश ओ ने सांगितल्याशिवाय डॅश ई अशा ओळींत काहीच भरत नाही. मी डॅश ओ ऑटो दिलं आणि भरायला "नोंद नाही". डॅश ओ ऑटो आणि चेक-ऑर्डर ही जीएनयूची भर आहे, पॉझिक्समध्ये नाही. दुसरीकडचा जॉइन वापरणार असाल तर डॅश ओ मध्ये रकाने एकेक करून लिहावे लागतील: सामाईक रकान्यासाठी ०, पहिल्या फाइलीच्या दुसऱ्यासाठी १.२, असे.

कुणी विचारेल, ऑक का नाही वापरलं? एक फाइल मेमरीत भरून घेतली की सॉर्टची कटकट नाही, आणि एवढ्या फाइलींना ते सहज पेलतं. खरं आहे. पण ऑकच्या नेहमीच्या रीतीत एकाच क्रमांकाची नंतरची नोंद आधीचीवर बसते आणि दुहेरी नोंदी व्हीलुकअपसारख्याच झाकल्या जातात. आम्हाला सापडलेले दोष जॉइनच्या काटेकोरपणामुळेच वर आले. मला ते सोडवेना.

प्रत्येक जोडणीनंतर आता एक छोटी तपासणी आहे. डॅश ए न देता मिळालेल्या ओळी आणि डॅश व्ही १ च्या ओळी यांची बेरीज पहिल्या फाइलीच्या ओळींइतकी आली नाही, तर स्क्रिप्ट तिन्ही आकडे दाखवून थांबते आणि निकालाची फाइल तयारच होत नाही. बॅशमध्ये सेट डॅश ओ पाइपफेलही लावलं आहे, म्हणजे पाइपमधली मधली कमांड पडली तरी कळतं.

राहिल्या त्या चार ओळी. "नोंद नाही" असं लिहून आलेले चारही दाखल क्रमांक मी ग्रंथपाल बाईंना पाठवले. त्यांनी कागदी दाखल नोंदवही काढली, आणि चारही क्रमांक शेवटच्या भरलेल्या पानावर एकाखाली एक सापडले. पुस्तकं आली होती, वहीत चढली होती, सभासदांच्या हातीही गेली होती. कॉम्प्युटरच्या यादीत चढवायची तेवढी राहिली होती.